सगळ्यांचा फोटो

या गोष्टीत शेवटी लग्न होत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणी आशेला लागायला नको. आशेला लागून काय होतं, ते या गोष्टीतल्या बाईंनी पुरतं भोगलं आहे.

सुरुवात मात्र गोड होती. शाळा सुटली होती, पाऊस भुरभुरत होता, आणि दुसरीच्या वर्गाच्या बाईंच्या कोटाचा खिसा फाटकाच्या कडीत अडकून टर्रकन फाटला. खिशातले खडू रस्त्यावर घरंगळले. बाई ते गोळा करायला वाकणार, तोच मागून आवाज आला,

"हलू नका."

"का?"

"हललात तर टाका कोटाऐवजी तुम्हाला पडेल."

एक उंच, किडकिडीत माणूस त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसला होता. त्याने शर्टाच्या कॉलरखालून सुई काढली — तीही दोरा ओवलेली — आणि भर रस्त्यात, भर पावसात खिसा शिवायला घेतला. त्याच्या केसांत दोऱ्याचा एक पांढरा तुकडा अडकला होता. तो उचलून काढावा असं बाईंना फार वाटलं... पण एकतिसाव्या वर्षी अनोळखी माणसाच्या केसांना हात लावायचा नसतो, एवढं त्यांना कळत होतं.

"तुम्ही नेहमी अशी सुई घेऊन फिरता?"

"डॉक्टर नाही का गळ्यात ती नळी अडकवून फिरत?"

बाई हसल्या. दोरा त्याने दातांनी तोडला, तेव्हा त्याचा श्वास त्यांच्या मनगटाला लागला.

"काय देऊ तुम्हाला?"

"माझ्या भाचीला तेवढं सांभाळून घ्या," तो म्हणाला. "उद्यापासून तुमच्याच वर्गात आहे."

त्याच्या पाठीमागून सात वर्षांची एक मुलगी डोकावली. दप्तर तिच्याहून मोठं होतं.

बाईंचा वर्ग म्हणजे एक जत्राच होती. सव्वीस मुलं, आणि त्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा अकरा. कुणाची आई रुग्णालयात फरशी पुसायची, कुणाचे वडील पूल बांधायला आलेले, कुणी इथलेच चार पिढ्यांचे. वर्षाच्या सुरुवातीला ही मुलं मधल्या सुट्टीत आपापले कंपू करून कोपरे धरायची. मग बाईंनी दर गुरुवारी एकाला गुरुजी करायला सुरुवात केली. त्या दिवसाच्या गुरुजींनी सगळ्यांना आपल्या घरच्या भाषेत पाचपर्यंत आकडे शिकवायचे. बघता बघता लपाछपीचं राज्य कुणावर हे अकरा भाषांत ठरू लागलं, आणि भांडणंसुद्धा. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने हा वर्ग दाखवायच्या.

नवी मुलगी मात्र कशातच शिरेना. ती दारापाशी बसायची आणि दिवसभर दप्तर पाठीवरून उतरवायची नाही. चित्र काढताना, डबा खाताना, खेळाच्या तासालासुद्धा दप्तर पाठीवरच. मुलांनी तिचं नाव कासव ठेवलं. बाईंनी मुलांना दटावलं आणि संध्याकाळी शिंप्याकडे दिलगिरी व्यक्त करायला गेल्या, तर तो म्हणाला, "घरी आम्हीही तेच म्हणतो तिला. फक्त आम्हाला रागवायला कुणी बाई नाहीत."

एका धुलाईच्या दुकानात पुढच्या बाजूला त्याचं टेबल होतं. तिथे तो सैल कपडे आत घ्यायचा, घट्ट झालेले सोडायचा, चेन बदलून द्यायचा. मागच्या बाजूने इस्त्रीची ऊबदार वाफ यायची आणि त्याच्या चष्म्यावर धुकं धरायचं. टेबलावर चपटा निळा खडू पाहून बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचाही धंदा खडूचाच की!"

"हो, पण तुमचं लिहिलेलं मुलं वाचतात. माझं लिहिलेलं मीच कापून टाकतो."

त्यानंतर बाईंचे कपडे भराभर बिघडू लागले. आज बाही लांब वाटायची, उद्या कंबर सैल. "एवढी बारीक कधी झालीस गं?" आईने विचारलं. "सगळं कपाट आत घेऊन झालं तुझं!" बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार होता सगळा, आणि तो फार काळ चालणार नव्हताच. एका संध्याकाळी शिंप्याने एक उसवलेला ड्रेस दिव्याखाली धरला.

"बाई, हे तुम्हीच उसवलंत."

"मी? कशावरून?"

"आपोआप उसवलं की दोरा ताणून तुटतो, त्याला पिसं निघतात. हा कात्रीने कापलाय. एकसारखा. वहीत समास आखल्यासारखा."

बाईंचे कान लाल झाले. मग काय करायचं, हे न सुचून त्या म्हणाल्या, "मग... शिवणार नाही का?"

"शिवणार ना. पण सावकाश. चार दिवस लागतील. रोज येऊन चौकशी करावी लागेल."

असं चाललं होतं. एकदा तर त्याने विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू? सगळं जग बाई म्हणतं. मी काही दुसरीत नाही."

"कुठल्या वर्गात आहात?"

"नापास होऊन होऊन कुठे आहे ते विसरलोय," तो म्हणाला आणि हसला, पण डोळे हसले नाहीत. तो कधी स्वतःबद्दल बोलायचा नाही. बहीण, तिची मुलगी आणि तो असे तिघे वर एका खोलीत राहतात, एवढंच बाईंना ठाऊक होतं. बहीण कधी खाली दिसायची नाही. बाईंनीही खोदून विचारलं नाही. प्रेमात पडलेलं माणूस आपल्याला हवं तेवढंच विचारतं.

हिवाळा सरता सरता शाळेने 'सगळ्यांचा दिवस' करायचं ठरवलं. कल्पना बाईंचीच. प्रत्येकाने आपल्या घरी आनंदाच्या दिवशी घालतात ते कपडे घालून यायचं, सगळ्यांसमोर आपले आकडे म्हणायचे, आणि मग सगळ्या वर्गाचा एक फोटो. मनात खरा हेतू एकच — त्या एका मुलीच्या पाठीवरचं दप्तर उतरावं.

"नको," शिंपी म्हणाला. पहिल्यांदाच तो इतकं तुटक बोलला. "तिच्याकडे तसले कपडे नाहीत. काही न घेता आलो आम्ही."

"अहो, तुम्ही शिंपी आहात!"

बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्या नजरेसाठी माणूस विहिरीतही उडी टाकेल. "फक्त एक दिवस... तिला वाटू दे ना, की हीसुद्धा आपलीच जागा आहे."

त्याने खूप वेळ टेबलावरच्या टाचण्या एका रेषेत लावल्या. मग म्हणाला, "बाहीला निळ्या टाक्यांच्या दोन ओळी असतात आमच्याकडे. बघतो, जमतंय का."

शाळेचा एक कागद पालकांनी भरून द्यायचा होता. त्यावर मुलाचं नाव, काही औषध चालत असेल तर ते, आणि खाली एक चौकट: फोटो काढायला आणि शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायला परवानगी आहे का. त्याने तो टेबलावरच, बोलता बोलता भरला. बाईंनी शाळेत येऊन पाहिलं तर शेवटची चौकट रिकामी होती. 'होय'ही नाही, 'नाही'ही नाही.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आदल्या वर्षी एका मुलाच्या कागदावर अशीच चौकट रिकामी राहिली होती. फोटोच्या वेळी त्याला भिंतीपाशी उभं केलं, आणि बाकीच्या मुलांनी हौसेने आपल्या टोप्या, पिशव्या त्याच्या हातात दिल्या. सगळे हसत होते, आणि तो ओझं धरून त्यांच्याकडे पाहत होता. त्या रात्री बाईंना झोप नव्हती. शिवाय दहा वर्षं रोज वह्या तपासणारा हात तो. गाळलेली जागा दिसली की भरायची, ही त्या हाताची खोडच होती. विसरला असेल बिचारा, माझ्याशीच तर बोलत होता — असं म्हणून बाईंनी चौकटीत बरोबरची खूण केली. खूण करताना त्यांना लाजल्यासारखं, आनंदल्यासारखं झालं. जणू त्या घरातल्याच एक झाल्या होत्या.

'सगळ्यांचा दिवस' उजाडला. कासव पिवळ्या झग्यात आलं. बाहीवर निळ्या टाक्यांच्या दोन ओळी होत्या, इतक्या बारीक की मुली बोट फिरवून बघत होत्या. दप्तरामुळे झगा पुरता दिसेना म्हणून एका मुलीने म्हटलं, "अगं, दप्तर काढ ना, मागून कसा आहे बघू दे." आणि तिने काढलं! सहज, काही विशेष नसल्यासारखं काढून खुंटीला अडकवलं. मग ती सगळ्यांसमोर उभी राहिली, पाच आकडे म्हणाली, आणि अख्ख्या वर्गाने ते तिच्यामागे असे ओरडून म्हटले की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत जमली. फोटोत ती अगदी मधोमध होती. तोंडभर हसत होती, पुढचे दोन दात पडलेले.

शिंपी मागे दाराशी उभा होता. त्याचे डोळे भरले होते. बाई त्याच्यापाशी गेल्या, तेव्हा तो हळूच म्हणाला, "उद्या दुकानात या. काही विचारायचंय."

"कपडे आणू?"

"नको... नुसत्या या."

त्या रात्री बाईंनी आरशात स्वतःकडे पाहिलं आणि आपण बऱ्या दिसतो, असं त्यांना कित्येक वर्षांनी वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुकान अर्धा दिवस बंद होतं. त्याने दोन कप चहा करून ठेवला होता, खुर्चीवरचं कापड काढून ती पुसून ठेवली होती.

"विचारायच्या आधी सांगायला हवं," तो म्हणाला. "तुम्हाला फसवून नाही विचारायचं. ताई नवऱ्याच्या घरून पळून आलीय. त्याने तिचा हात मोडला होता, आणि नंतर मुलीवरही... असो. तीन गावं बदलली आम्ही. दरवेळी तो हुडकून काढतो. त्याची माणसं आहेत, आणि तो बोलतो तसं करणारा आहे. म्हणून ताई खाली येत नाही. म्हणून पोरगी दप्तर काढत नव्हती — कधी निघावं लागेल याचा नेम नसायचा ना."

बाईंनी कप खाली ठेवला.

"झगा शिवायला मी खरं तर तयार नव्हतो. आमच्याकडची ती बाही बघून कुणीही ओळखेल. पण म्हटलं, शाळेच्या चार भिंतींत काय होतंय. कागदावर ते फोटोचं मात्र मी मुद्दाम कोरं ठेवलं. 'नाही' लिहिलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं कुणी. कोरं असलं की आपोआप 'नाही'च धरतात... धरतात ना?"

बाई म्हणाल्या, "हो."

पुढे तो काय बोलला, ते बाईंना नीट आठवत नाही. त्याने विचारायचं ते विचारलं. त्यांचा हात हातात घेतला. आयुष्यभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते कानावर पडत होते, आणि बाईंच्या डोळ्यांपुढे फक्त शाळेचा कारकून होता. शुक्रवारी संध्याकाळी घरी जायच्या आधी तो सगळे फोटो शाळेच्या पानावर टाकायचा. कधी विसरायचा नाही. फार कामसू माणूस.

"सोमवारी सांगते," एवढंच बोलून त्या धावत सुटल्या.

शाळेला कुलूप होतं. कारकून फोन उचलेना. मोठ्या बाई लग्नाला परगावी गेलेल्या. रविवारभर बाई तो फोटो उघडून बघत राहिल्या, मधोमध ते पडलेले दात, त्या दोन निळ्या ओळी. खाली लोकांनी कौतुक केलं होतं. किती सुंदर, किती वेगवेगळी मुलं, किती छान शाळा. सोमवारी सकाळी फोटो काढून टाकला. मोठ्या बाईंनी कपाटातून कागद काढून पाहिला आणि सुटकेचा श्वास सोडला. "खूण आहे ना इथे पालकांची? मग आपला काही दोष नाही."

बरोबरची खूण सगळ्यांची सारखीच असते. कुणाला कधीच कळलं नसतं.

बाई काही बोलल्या नाहीत. दुकानातही गेल्या नाहीत. वर्गात कासव आता खिडकीपाशी बसत होतं, हात वर करत होतं, आणि दप्तर खुंटीला असायचं. त्या खुंटीकडे बाई दिवसातून दहादा बघायच्या. काही होणार नाही, दोनच तर दिवस होता तो फोटो, कोण बघतंय... चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

बुधवारी शाळेच्या फाटकाशी एक माणूस आला. नीटनेटका, गोड बोलणारा. मोबाईलवरचा फोटो रखवालदाराला दाखवून म्हणाला, "ही माझी मुलगी. किती वाजता सुटते?" रखवालदाराने शहाणपणा केला, अशी मुलगी इथे नाही म्हणाला आणि आत येऊन सांगितलं. मोठ्या बाईंनी पोलिसांना कळवलं. पोलीस येईपर्यंत तो निघून गेला होता. मुलीला मागच्या दाराने मामाच्या हाती दिलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शिंप्याचा फोन आला. "बस स्टँडवर आहोत. येता?"

बाई वर्ग दुसऱ्या शिक्षकांवर सोपवून गेल्या. प्रतीक्षालयाच्या बाकावर डोक्यावरून शाल घेतलेली एक स्त्री बसली होती. तिचा एक हात कोपरात सरळ होत नव्हता. ताई. तिने बाईंकडे पाहून नमस्कार केला आणि म्हणाली, "पोरगी तुमचं फार सांगते हो घरी. इतकी कधी बोलायची नाही ती." कासव तिच्या मांडीला टेकून उभं होतं. दप्तर पाठीवर होतं.

शिंपी बाईंना जरा बाजूला घेऊन गेला. रात्रभर जागा असावा.

"माझीच चूक," तो म्हणाला. "मी स्पष्ट 'नाही' असं लिहायला हवं होतं. कारकुनाने कोऱ्याचं काही तरी केलं असेल, त्याला काय माहीत. आणि तो झगा... तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत सगळं." त्याने खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला. "हा पत्ता. ताईला सांगितलंय मी, ती हो म्हणाली. सुट्टी लागली की या. आणि आलात की... परत जाऊ नका."

कागद बाईंच्या बोटांना लागला होता. नुसतं घ्यायचं होतं. उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांवर होती, तो समोर होता, आणि जगात कुणालाही काहीही ठाऊक नव्हतं. असं सगळं हातात येऊन पडलेलं माणूस सोडतं का कधी? पण हा आयुष्यभर स्वतःला दोष देत राहील. मशीनवर बसला की त्या बाहीच्या दोन ओळी आठवून याचा हात थांबेल. बाईंना ते सहन होईना.

"खूण मी केली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या चौकटीत. तुम्ही विसरलात असं वाटलं मला. ती एकटीच बाजूला उभी राहू नये म्हणून... आणि शनिवारी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी हो म्हणून खोटं बोलले. फोटो तेव्हा पानावर होता. तेव्हाच सांगितलं असतं तर पाच दिवस आधी निघाला असतात तुम्ही. तो फाटकापर्यंत आला, तेव्हा तुम्ही इथे नसतातच."

पावसाचे थेंब छपराच्या पत्र्यावर वाजत होते. शिंप्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावला असता, ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"प्रेम आहे माझं तुमच्यावर," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "ते कमी नाही झालं. कसं होणार?" आणि त्याने तो कागद परत खिशात ठेवला. "पण पत्ता नाही देता येणार आता. माझा एकट्याचा असता तर दिला असता."

"मला नकोच," बाई म्हणाल्या. "मी मागणारही नाही. कुणी विचारलं तर माझ्या तोंडून काय निघेल, याचा माझा मलाच भरवसा नाही."

त्याने मान हलवली. ताई उठून उभी राहिली होती, बस लागली होती. जाता जाता त्याचा हात बाईंच्या खांद्याला लागला, आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्याने ताईची पिशवी उचलली.

कासव मागे वळून धावत आलं. "बाई, मी उद्या येणार नाही हं."

"बरं."

"परवापण नाही, मामा म्हणाला. पण मग येईन."

"हो," बाई म्हणाल्या. मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

बस सुरू झाली तशा बाई वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बसच्या कपाळावर आणि कुशीवर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलेलं असतं. ते त्यांना वाचायचं नव्हतं. पाठीमागे खिडकीची काच सरकली.

"बाई! बाई, इकडे बघा ना!"

बाईंनी डोळे मिटून घेतले. बस फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली, तरी ती मुलगी हाका मारत होती.